परत येणारी चाकं

चार जुनी माणसं जमली की आमच्या भाईंदरच्या गॅरेजचे किस्से निघतात, आणि एकावर एक चढतच जातात. ऐकणारे हसतात. तेव्हा आम्हाला रडू येत होतं, हे कोणी विचारत नाही!

गॅरेज जानूकाकांचं. मिठागरात राबून पाय सडले म्हणून वाटणीची भातजमीन विकून त्यांनी ते काढलं. "आता मिठाचं तोंड बघायचं न्हाय!" असं सगळ्यांना सांगत फिरायचे.

मोटारींची जुनी चाकं आमच्याकडे यायची. कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवून रंग सोडवायचा, चाक धुवायचं, वाळलं की गंज धरू नये म्हणून तेलात कालवलेल्या शेंदराचा प्रायमर. त्यावर रंग. थोड्याच दिवसांत रंगाला फोड, फोडाखाली गंज, आणि चाक परत दारात! एक शेट वैतागून म्हणाले, "जानू, तू रंग लावतो की गंज पेरतो?"

रंगारी पास्कू उत्तनचा. तो ब्रशने आधी चाकावर क्रूस काढायचा, मग प्रायमर. तरी चाकं परत! शेवटी त्याने ब्रश खाली ठेवला. "काका, आमचा देव दमला. आता तुमचा बघा!"

मग एक मुंबईचा ड्रायव्हर आला. ऊन फार, म्हणून काकांनी त्याला विहिरीचं पाणी दिलं. पहिलाच घोट त्याने थुंकला. "अरे, ये तो समुंदर है!"

आम्ही तर चाकं त्याच पाण्याने धूत होतो, म्हणजे रंगाखाली मीठ राहत होतं. जन्मापासून तसलंच पाणी पीत आलेलो, आमच्या जिभेला ते गोडच! काकांनी रहाटाचा दोर सोडून दिला. "मीठ माज्याआधीच हितं येऊन बसलं व्हतं."

त्या पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी पिंपात धरलं. त्या पाण्याने धुतलेलं चाक दिवाळीनंतरही स्वच्छ! पास्कू नाचला. पण तोवर दुसऱ्या महायुद्धाची झळ आमच्यापर्यंत पोचली होती. पेट्रोल कुपनावर, टायर मिळेनात, बंद मोटारी चाकं काढून विटांवर चढल्या. काम जमलं आणि चाकंच यायची थांबली. असलं नशीब वैऱ्याचंही नसावं!

गॅरेजला कुलूप लागलं त्या दिवशी शेंदराचा अर्धा डबा उरला होता. काका तो आणि पिंपातलं उरलेलं पाणी घेऊन गोडदेव गावच्या मारुतीकडे निघाले. आम्ही मागे. त्यांनी मारुतीला पावसाच्या पाण्याने धुतलं, पुसलं, नीट वाळू दिलं. मग शेंदराचा जाड हात दिला. पास्कू टोपी काढून बाजूला उभा होता.

काकांनी रिकामा डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "ह्ये येक गिऱ्हाईक तरी परत यायचं न्हाय!"