लाल काठाचे मोजे

डिसेंबर निम्मा सरला आणि ओद्नीच्या उजव्या हाताची बोटं सकाळी उघडेनाशी झाली. उठल्या उठल्या ती शेगडीवर पाणी गरम करायची, तसराळ्यात ओतायची आणि हात बुडवून बसायची. बोटं एकेक करून सैल व्हायची. मग ती हात पुसून सुया घ्यायची आणि खिडकीशी बसायची, म्हणजे नुसतं म्हणायला खिडकीशी. सूर्य डोंगराआड गेल्याला महिना झाला होता आणि जानेवारी सरेपर्यंत तो परत येणार नव्हता. दिव्याखालीच विणायचं.

सहासष्ट वर्षांची ओद्नी. त्यातली तीस वर्षं सिग्लुफ्योर्दुरच्या धक्क्यावर हेरिंग मासे मिठात घालण्यात गेली. बोटांना चिंध्या गुंडाळून उभं राहायचं, पिंपात वाकायचं, माशांचा थर, मिठाचा थर, परत मासे. मीठ चिंध्यांतून आत जायचं आणि हातांच्या भेगा उन्हाळाभर भरायच्या नाहीत. पुढे हेरिंग यायचे थांबले, नवरा हाफ्लिदी गेला, मुलगी सोल्रून लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. धक्का ओस पडला. हातांचं दुखणं तेवढं राहिलं.

तरी दर नाताळला ती हातमोजे-पायमोजांचे चौदा जोड विणायची. मुलगी, जावई केतिल, चार नातवंडं, आणि बाकीचे गल्लीतल्या पोरांना. नाताळच्या संध्याकाळी ज्याच्या अंगावर नवं काही नसेल त्याला डोंगरातलं मांजर येऊन खातं, हे गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं, आणि मोठी माणसंही हसत हसत का होईना, एखादा नवा रुमाल तरी गळ्यात घालतातच. ओद्नी मात्र त्यावर हसत नसे.

"आई, काय चाललंय हे?" सोल्रून आत आली ती तसराळ्याकडे बघतच.

"दिसतंय की."

"केतिलला हातमोजे नकोत. गेल्या वर्षीचे अजून कोरे पडलेत."

"मग मांजर खाईल त्याला."

"केतिलला? अपचन होईल मांजराला." सोल्रूनने कोट काढला, तसराळं उचलून मोरीत ओतलं आणि टोपलीतल्या जोड्या मोजल्या. मोजता मोजता ती थांबली. "या पंधरा होतात. हे करडे कोणाचे? एवढ्या पायाचं कोणी नाही आपल्याकडे."

ओद्नीने आधी फेर संपवला. "योरुनचे," ती म्हणाली.

सोल्रून मटकन खुर्चीवर बसली. "कुठली योरुन? तुंग्याची?"

तुंग्याची योरुन म्हणजे कोण, हे सोल्रूनला कोणी सांगायला नको होतं. ती गोष्ट ऐकतच ती वाढली होती.

ओद्नी चार वर्षांची असताना तिची आई खोकल्याने गेली, बाप त्याआधीच बुडाला होता. पोर गावावर पडलं. गावाने तिला डोंगरापलीकडच्या खोऱ्यात तुंगा नावाच्या शेतावर ठेवलं. तिथली मालकीण हाल्बेरा. उंच, कमी बोलणारी बाई. मारलं तिने कधी नाही, पण जवळही घेतलं नाही. हाल्बेराची मुलगी योरुन, ओद्नीपेक्षा वर्षाने मोठी. माडीवरच्या लांबट खोलीत सगळे एकत्र झोपायचे आणि एकत्र लोकर पिंजायचे, कातायचे, विणायचे. नाताळच्या आत सगळी लोकर संपली पाहिजे, असा तिथला कायदा होता. ज्याने काम केलं त्याला नवं मिळायचं.

एकोणीसशे तेवीसच्या नाताळला ओद्नी आठ वर्षांची होती. तिने इतरांच्या बरोबरीने लोकर पिंजली होती. संध्याकाळी सगळे नवं लेऊन जेवायला बसले: गड्यांना विजारी, गाईंचं बघणाऱ्या म्हातारीला एप्रन, योरुनला पोशाख आणि मोजे. ओद्नीच्या पायात तेच जुने, टाचेला दोनदा रफू केलेले. हाल्बेराने पानावर मटण वाढता वाढता तिच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "नवं घालायचं नसेल तर राहू दे."

बस, एवढंच. कोणी हसलंही नाही. पण जिला नवं दिलंच नाही तिला असं बोलायचं, आणि तेही नाताळला, हे ओद्नीच्या मनातून कधी गेलं नाही. गावावर पडलेलं पोर प्रश्न विचारत नसतं, म्हणून तिने विचारलं नाही. त्या रात्री मांजर येईल म्हणून ती डोकं पांघरुणात घालून पडून राहिली. पंधराव्या वर्षी ती तुंगा सोडून डोंगर ओलांडून धक्क्यावर आली ती परत गेली नाही. चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये हाल्बेरा गेल्याचा निरोप आला, तेव्हा तिने कळवलं की हेरिंग आलेत, कामातून निघता येणार नाही. मार्चमध्ये हेरिंग येत नाहीत. निरोप आणणाऱ्यालाही ते माहीत होतं.

ते वाक्य मात्र घरात राहिलं. कोणी चिक्कूपणा केला, पाहुण्याला कॉफी विचारली नाही, की हाफ्लिदी म्हणायचा, "नवं घालायचं नसेल तर राहू दे." सोल्रूनही म्हणायची.

"आणि तिच्या पोरीला मोजे करतेस," सोल्रून म्हणाली. "या हातांनी."

"एल्वा सांगत होती परवा," ओद्नी म्हणाली. एल्वा शेजारच्या घरातली, वृद्धाश्रमात काम करणारी. "ऑक्टोबरात आणून ठेवलीय तिला. पोरं कॅनडात. कोणी फिरकत नाही. नाताळला काय द्यायचं तिला, म्हणत होती."

"मग तू होय म्हणालीस."

"मी काहीच म्हणाले नाही."

"का करतेस पण?"

ओद्नीने सुया मांडीवर ठेवल्या. तिला खरंच ठाऊक नव्हतं. चौदा करता करता पंधरावा जोड सुरू झाला होता, इतकंच. "टाच झालीय," ती म्हणाली. "आता उसवत बसू का?"

तेवीस तारखेला, थोर्लाक संताच्या दिवशी, दुपारी ती मोज्यांचं पुडकं घेऊन वृद्धाश्रमाकडे निघाली. घराघरातून आंबवलेल्या पाकट माशाचा वास रस्त्यावर आला होता, डोळ्यांत पाणी आणणारा. तिनेही सोल्रूनकडे दोन घास खाल्ले होते आणि तो वास कोटात बसला होता. बर्फावर राख टाकलेली, तरी चढणीवर तिला दोनदा थांबावं लागलं. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा परत फिरावं असंही मनात आलं. पुडकं शेजारी एल्वाच्या दारात ठेवलं असतं तरी चाललं असतं.

वृद्धाश्रमाचं दार एल्वानेच उघडलं. "मावशी, तुम्ही स्वतः आलात? आज बरी आहे हं ती. म्हणजे, बोलतेय. कोणाशी बोलतेय ते विचारू नका."

योरुन खिडकीजवळच्या खुर्चीत होती, गुडघ्यांवर घोंगडी. ओद्नीला वाटलं होतं, ओळखू येणार नाही. पण हनुवटी तीच, हाल्बेराची. ओद्नी समोर बसली. तिची इतकी दमणूक झाली होती की कोट काढायचंही राहून गेलं.

"पाकट खाऊन आलीस," योरुन म्हणाली.

"हो."

"आम्हाला दिला तो, पण त्याला दम नव्हता." मग तिने बारीक डोळे करून विचारलं, "लोकर झाली का तुझी?"

"झाली," ओद्नी म्हणाली, आणि पुडकं तिच्या मांडीवर ठेवलं. "उद्या उघडायचं खरं तर. पण उघड आता."

योरुनला गाठ सुटेना. ओद्नीलाही सुटेना. शेवटी दोघींनी मिळून कागद फाडला. योरुनने मोजे उलटसुलट करून पाहिले, आत हात घालून टाच तपासली, जशा सगळ्या बायका तपासतात.

"चांगले विणलेत. पण काठ नाही याला."

"नाही. साधेच आहेत."

"तिच्या मोज्यांना होता. लाल."

"कोणाच्या?"

"त्या पोरीच्या गं. गावाने पाठवलेल्या. नाकात बोलायची बघ." योरुनने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "आईने तिला लाल काठ केला आणि मला साधे. माझी आई, आणि मला साधे. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, तुला पोशाख आहे, तिला एवढंच आहे."

ओद्नीने फाटलेल्या कागदाची घडी घातली.

"आईने ते तिच्या उशाखाली ठेवले होते, तिला सापडावे म्हणून. मी काढले. मेंढवाड्यात नेले, गव्हाणीच्या मागे, गवतात. घालता तर येईनात मला, सगळ्यांना दिसले असते. रोज जाऊन बघायची नुसती." ती हसली, मग हसू विझलं. "मग उंदरांनी खाल्ले. आईला वाटलं, पोर हट्टी आहे, मुद्दाम घालत नाही. फार लागलं आईला. परत तिने तिला काही केलं नाही." तिने ओद्नीच्या कोटाची बाही धरली. "तू सांगू नकोस हं आईला."

"नाही सांगत."

"शपथ?"

"शपथ."

कॉरिडॉरमध्ये एल्वा कोणाला तरी गोळ्या घ्यायला लावत होती. ओद्नीला राग येईल असं वाटलं होतं, पण राग यायलाही अंगात जोर लागतो, आणि तिचा जोर चढणीवरच संपला होता. ती खाली वाकली, योरुनची चप्पल काढली आणि एकेक मोजा तिच्या पायात चढवला. बोटं वळत नव्हती, म्हणून तळव्यांनी ढकलत. पाय थंड आणि हलके होते.

"बसले का?" तिने विचारलं.

"बसले," योरुन म्हणाली, आणि तेवढ्यात तिला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता सोल्रूनकडे रेडिओवर चर्चच्या घंटा वाजल्या, सगळे उठून एकमेकांना नाताळ गोड जावो म्हणाले आणि जेवायला बसले. धुरावलेलं मटण, बटाटे, नक्षी कापून तळलेल्या पातळ पोळ्या. केतिलने नवे हातमोजे जेवतानाच घालून दाखवले आणि पोरं हसली. भेटी उघडायची वेळ आली तोवर ओद्नी खुर्चीतच पेंगली होती. सोल्रूनने तिच्या वाटणीचं पुस्तक तिच्या मांडीवर ठेवून दिलं.

भांडी घासताना ओद्नी म्हणाली, "हाल्बेराने मला मोजे केले होते."

मग ओद्नीने सगळं सांगितलं, चार वाक्यांत.

"आई, तिला आज कुठला वार आहे ते सांगता येत नाही. तिच्या बोलण्यावर काय जातेस?"

"खरंय," ओद्नी म्हणाली. पण रात्रभर तिला आठवत राहिलं होतं की त्या शरद ऋतूत हाल्बेराने लोकरीची एक लड लाल रंगवली होती. आणि एकदा, चुलीपाशी, तिने ओद्नीला पाय पुढे कर म्हटलं होतं, तळव्यावर वीत ठेवून मोजलं होतं. ओद्नीला वाटलं होतं, योरुन घरात नाही म्हणून माझ्या पायावर तिचं माप घेतेय. दोघींचे पाय सारखेच होते तेव्हा. हे तिने सोल्रूनला सांगितलं नाही. "आणि मी तिच्या मातीला गेले नाही," ती फक्त एवढंच म्हणाली.

सोल्रून काही वेळ ताट पुसत राहिली. कोरडं झालेलं ताट.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी केतिलने गाडी काढली. तुंग्याच्या चर्चमागच्या दफनभूमीत एक दिवा लावावा, असं सोल्रूननेच सुचवलं होतं. बोगदा ओलांडला, थोडं पुढे गेले, आणि तिथे रस्ता बर्फात संपला. बर्फ काढणारं यंत्र त्याच्या पलीकडे गेलंच नव्हतं. केतिलने खाली उतरून बघितलं, परत आला, हात फुंकत बसला.

"चालत जाऊ म्हणालात तर येतो मी," तो म्हणाला.

"वेडा आहेस का?" ओद्नी म्हणाली. "फिरव गाडी."

त्यानंतर ती गुरुवारी गुरुवारी योरुनकडे जायची. योरुन कधी तिला एल्वा समजायची, कधी धाकटी सून. मोज्यांची गोष्ट ती पुन्हा कधी बोलली नाही, आणि ओद्नीनेही काढली नाही. दोघी कॉफीत साखरेचा खडा बुडवून खायच्या. एप्रिलमध्ये योरुन गेली. मातीला सात माणसं होती, त्यात ओद्नी आणि सोल्रून.

जूनमध्ये रस्ता मोकळा झाल्यावर केतिल ओद्नीला खोऱ्यात घेऊन गेला. हाल्बेराचा दगड एका बाजूला कलला होता आणि त्यावर पिवळं शेवाळ चढलं होतं. नाव वाचता येत होतं. ओद्नी समोर उभी राहिली. काहीतरी म्हणावं असं वाटत होतं, सहा महिने तिने त्याचा विचारही केला होता, पण तिथे उभं राहिल्यावर सुचेना. वारा होता. तिने नखाने थोडं शेवाळ खरवडलं, मग बोटं दुखायला लागली तेव्हा सोडून दिलं.

केतिल फाटकाशी थांबला होता. "झालं?" त्याने विचारलं.

"झालं," ती म्हणाली. "हात दे जरा. उतार आहे."