डावीकडचा सहाचा फरक

महाल भागातल्या शालिकरामच्या दुकानात आवाज मोजायचं एकही यंत्र नव्हतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता. रेडिओ, रेकॉर्डप्लेअर, ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती. कुणाच्या घरी दोन स्पीकर बसवायचे असले की तो मधोमध खुर्ची टाकी, डोळे मिटी आणि दोन्ही बाजू जुळेपर्यंत बटण फिरवी. शालिकरामच्या कानापुढे अपील नाही, असं गिऱ्हाइकं म्हणत. तो स्वतःही म्हणे, जरा जास्तच.

चौऱ्याऐंशी साली इतवारीतले कापडाचे व्यापारी मधुसूदनशेठ यांनी घरातली एक खोली सिनेमासाठी राखून ठेवली. रंगीत टीव्ही, व्हीसीआर, कमरेएवढे दोन स्पीकर. मेहुण्याने मुंबईहून आवाज मोजायची दोन मीटर पाठवली होती, एक तळहातावर मावणारं जपानी, दुसरं जाडजूड, मोठ्या तबकडीचं, देशी. एक ठेवायचं, एक परत करायचं. कोणतं ते शालिकरामने सांगायचं होतं.

त्याला हा पोरखेळ वाटला. आधी कानाने आवाज जुळवायचा, मग जे मीटर कानाशी सहमत होईल ते खरं! रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे ठेवून त्याने एकसारखी खरखर लावली, सोफ्यावर बसून दोन्ही बाजू सारख्या केल्या आणि एकेक स्पीकर जपानी मीटरने मोजला. उजवा सत्तर, डावा शहात्तर. शालिकराम हसला. दिसायला देखणं अन् कामाला खोटं, म्हणत त्याने ते डब्यात टाकलंसुद्धा. मग देशी मीटर काढलं. उजवा सत्तर, डावा शहात्तर.

शेठ पेपर वाचत होते. शालिकराम उठला आणि सोफ्यावर उलटा, मागच्या भिंतीकडे तोंड करून बसला. मघाचा डावा स्पीकर आता उजव्या हाताला येऊन नुसता कोकलत होता. दुसरा शेजारच्या घरात वाजावा तसा लांब गेला होता. स्पीकर जागचे हलले नव्हते. जे डावीकडे येईल ते त्याला कमी ऐकू येत होतं, एवढंच.

त्याला इंदुताई आठवल्या. महालातच राहणाऱ्या, गाणं शिकवणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी त्याने त्यांच्या रेकॉर्डप्लेअरचे स्पीकर लावून दिले, तेव्हा डावी बाजू ओरडते असं त्या म्हणाल्या होत्या. वयानं कान उतरतो ताई, असं त्याने त्यांना विद्यार्थिनींसमोर ऐकवलं होतं. आता त्याला लाज वाटली. दोन्ही मीटर खोटी आहेत म्हणून सांगितलं असतं तरी शेठनी डोळे झाकून मानलं असतं, आणि दुकानाचं नाव राहिलं असतं. हा विचार त्याच्या मनात आला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

"मोठ्या तबकडीचं ठेवा, शेठ. अंधारात बी काटा दिसते," तो शेवटी म्हणाला. "खोटं दोन्हीतलं एकबी नाही. माया डावा कान गेला."

शेठनी पेपर खाली ठेवला. "मंग आता धंदा कसा करशीन गा?"

शालिकरामने ते मोठ्या तबकडीचं मीटर एका संध्याकाळपुरतं मागून घेतलं आणि सायकल महालाकडे वळवली.

इंदुताईंनी डाव्या स्पीकरपुढे उशी उभी करून ठेवली होती. कोपऱ्यात शिकवणीच्या बाजाच्या पेटीवर कापड घातलेलं होतं आणि त्यावर धूळ होती. शालिकरामने उशी काढली, काटा पाहत दोन्ही बाजू सारख्या केल्या. त्याच्या कानाला डावी बाजू मेल्यागत झाली. इंदुताईंनी रेकॉर्ड लावून शेवटपर्यंत ऐकली.

"आता बराबर येऊन राहिला आवाज," त्या म्हणाल्या.

"कान माया गेला होता, ताई. तुमचा चांगला हाय."

इंदुताई पेटीवरच्या कापडाकडे पाहत राहिल्या.

"मग मी शिकवणी काहून बंद केली, भाऊ?"