बापाच्या हाताचं माप

सकाळी सहाला एनिल्से वियाना आपल्या खाण्याच्या गाडीवर अंडं भरलेल्या मक्याच्या आरेपा तळत होती, तेव्हा वहिनीचा निरोप आला. "एलिएसेर काल बसमध्ये बसला. म्हणाला, बापाची गाइता घेऊनच परत येईन." एनिल्सेनं फोन एप्रनच्या खिशात टाकला आणि पुढचं अंडं आरेपात फोडायचं ते थेट कढईत फोडलं. तेल तडतडलं, रांगेतलं गिऱ्हाईक मागे सरलं आणि तिनं स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या.

भाऊ नेमका आजच यायचा होता. एकोणीस वर्षांत एक फोन नाही, आईच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेचंसुद्धा कळवलं नाही, आणि यायला दिवस निवडला तो हा. आज दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी शहराच्या महोत्सवात, पार्कातल्या मोठ्या स्टेजवर, तिला वाजवायचं होतं.

आग वर्तमानपत्रानं लावली होती. आठवड्यापूर्वी 'महोत्सवात चुकवू नयेत असे दहा लॅटिन कलाकार' अशी यादी छापून आली. सातव्या क्रमांकावर तिचा बँड, ला नेवेरा. म्हणजे फ्रीज, समुद्राकाठची माणसं या गारठलेल्या बोगोताला तेच म्हणतात. बँडमध्ये कीबोर्ड, गिटार, ड्रम, दोन गाइता, म्हणजे लांब बासऱ्या; त्यातली एक वाजवायची सगळ्यांत म्हातारी एनिल्से, वय सत्तावन्न. फोटो तिचाच छापला होता. खाली लिहिलं होतं की या बाईंनी कीबोर्डशी सूर जुळावा म्हणून वडिलांची जुनी गाइता कापून घेतली आहे. हे धादांत खोटं होतं. त्या पत्रकारानं तिला विचारलंही नव्हतं. तिनं चडफडून फोन उचलला आणि परत ठेवून दिला. मग कात्री घेऊन ती यादी कापली आणि गाडीच्या काचेवर चिकटवली. छापील नावाचा मोह कुणाला सुटतो? कापलेल्या गाइतेची ओळ फोटोखाली तशीच राहिली, आणि कुणीतरी त्याच काचेचा फोटो काढून गावी पाठवला.

गाव म्हणजे मोंतेस दे मारियाच्या डोंगरातली चाळीस घरं. तिथे तिचा बाप फेलिसियानो गाइता करायचा. निवडुंगाच्या गाभ्याची लांब नळी, तिच्या डोक्यावर मेण आणि कोळशाच्या भुकटीचा गोळा, त्यात बदकाच्या पिसाची दांडी, फुंकायला. एका खोडातून दोन करायच्या, नर आणि मादी. मादी सूर गाते, नर तिच्या मागे ठेका धरतो. लांबी मोजायची बनवणाऱ्याच्या हातावर, भोकांमधलं अंतर त्याच्या बोटांवर. म्हणून प्रत्येक जोडी ज्याची त्याची. दुसऱ्याच्या हाताची नर आणली तर मादीशी तिचं कधीच पटत नाही.

फेलिसियानो गेला आणि दुसऱ्याच महिन्यात बंदुकवाले गावात आले. पळताना एलिएसेरनं भिंतीवरची नर ओढली, एनिल्सेनं मादी. तो काकाकडे गेला, ती शहराकडे. पुढे तो गावच्या जमिनीवर परतला आणि त्यानं निरोप धाडला, मादी आणून दे, जोडी घरात हवी. ती नाही म्हणाली. तिच्याकडे त्या नळीशिवाय घरचं दुसरं काहीच नव्हतं. तिथून बोलणं बंद.

बापाची बोटं केळ्यांसारखी जाड, हिची बारीक. त्याच्या भोकांवर बोटं ताणून ताणून तिची डावी अनामिका कायमची वाकडी झाली होती. लोकांना वाटायचं तेलानं भाजलं असेल. ती सांगत बसायची नाही.

पार्कात पोचल्यावर दुसरा घोटाळा झाला. बँडमध्ये नर वाजवायचा येसिद, चाळिशीचा, बोगोतात जन्मलेला, आणि त्याची नर कुठल्यातरी दुकानातली. ती त्यानं आपल्या मोटारीत काचेमागे ठेवली होती. बोगोताचं ऊन बाहेर चावत नाही, पण काचेमागे तव्यासारखं तापतं. मेण वितळून खचलं होतं, पीस आडवं पडलं होतं.

"दोन्या एनिल्से, बाई, मी मरतो," येसिद म्हणाला.

"वाजवून मग मर. काडेपेटी कुणाकडे आहे?"

कुणाकडेच नव्हती. दरवाजावर पोलिसांनी लायटर, पट्टे, साखळ्या सगळं काढून घेतलं होतं. तिनं कलाकारांच्या मंडपातल्या गरम आग्वापानेलाच्या पातेल्यावर गोळा धरला, गुळाच्या पाण्याच्या वाफेवर मेण मऊ केलं, पीस सरळ केलं. येसिदनं फुंकलं. नुसती वाफ सुटल्यासारखा आवाज आला. पुन्हा फुंकलं. तेच.

"पीस बसायला अर्धा दिवस लागतो," ती म्हणाली.

इतक्यात कीबोर्डवाला सेबा धावत आला. "दोन्या, कलाकारांच्या गेटवर एक माणूस आलाय. तुमचा भाऊ म्हणतो. आणि त्याला काठी आत न्यायचीय म्हणून गार्डबाई भांडतायत."

दोन वाजून पन्नास मिनिटं झाली होती. एनिल्सेनं आपली मादी उचलली आणि चालू लागली. सेबा मागोमाग.

गेटाला उंच जाळी होती. पलीकडे एलिएसेर, डोक्यावर गावची हॅट, अंगात पातळ सदरा, थंडीनं ओठ काळे. हातात बापाची नर. तो म्हातारा झाला होता हे तिला आधी दिसलं आणि तिचा राग क्षणभर कुठे गेला कळेना.

"काठी आत जाणार नाही," गार्डबाई सांगत होत्या. "आणि बाई, तुम्ही बाहेर पाऊल टाकलंत तर परत आत नाही. नियम आहे."

"काठी नाही ती," एनिल्से म्हणाली.

"बोलू नकोस," एलिएसेर म्हणाला. "मादी दे."

"तीन वीसला वाजवायचंय मला. नंतर बोलू."

"नंतर काय बोलायचं? बापाची गाइता करवतीनं कापलीस तू! पेटीच्या सुरात बसावी म्हणून! अख्ख्या गावानं वाचलं. लोक मला विचारतात, तुझ्या बहिणीनं बापाचा हात छाटला का?"

"कुणी कापली? तू बघितलीस?"

"पेपरात छापलंय, काचेवर तूच चिकटवलंयस!"

खरंच, चिकटवलं तिनंच होतं.

"मी वीस तास बसमध्ये बसून आलोय, निल्से. दे."

सेबा पुटपुटला, "दोन्या, नका देऊ. अर्ध्या तासानं आपण स्टेजवर आहोत."

तिनं मादी जाळीच्या खालच्या फटीतून बाहेर सरकवली. सेबानं डोळे मिटून घेतले. गार्डबाई म्हणाल्या, "झालं. आता दोन काठ्या."

एलिएसेर खाली बसला. जमिनीवर नर ठेवली, शेजारी मादी. खालची टोकं बुटाला टेकवून सारखी केली आणि मग वरची टोकं बघितली. दोन्ही नळ्या मेणाच्या कडेपर्यंत एकसारख्या होत्या. त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं मादी उचलून आपल्या काखेत लावली आणि हात लांब केला, बाप मोजायचा तसा. त्याचा हात बापाएवढाच होता. नळी बरोबर मधल्या बोटाच्या टोकाला संपली. मग त्यानं भोकांवर बोट ठेवून बघितलं, एक एक. कडा तशाच, झिजलेल्या, पण वाढवलेल्या नाहीत.

"मग त्या पेटीशी जुळते कशी?" त्यानं विचारलं, पण तिला नाही, जमिनीला.

"आम्ही जुळवतो, काका," सेबा म्हणाला. "दर वेळी. थंडी असली की यांची गाइता उतरते, ऊन पडलं की चढते, आणि मी बापडा माझी पेटी तिच्या मागे ओढत बसतो. बाकी सगळे बँड वैतागतात आमच्यावर. कापा म्हणून मीच एकदा सुचवलं होतं. दोन्यांनी मला तीन आठवडे आरेपा दिली नाही."

एलिएसेरनं मान वर केली. जाळीतून एनिल्सेचा हात दिसत होता, ती जाळी घट्ट धरून उभी होती. त्याची नजर तिच्या वाकड्या अनामिकेवर गेली आणि तिथेच थांबली. बापाची भोकं आणि बहिणीची बोटं, दोन्ही त्याला पाठ होती. त्याला सांगावं लागलं नाही.

"दुखतं?" त्यानं विचारलं.

"थंडीत."

"इथे तर रोज थंडी असते."

"हो."

त्यानं मादी फटीतून आत सरकवली. मग नरही सरकवू लागला.

"ती कशाला देतोस?" एनिल्से म्हणाली. "मला दोन तोंडं आहेत का? येसिदचं पीस पडलंय. मला तू हवा आहेस, गाढवा. एकोणीस वर्षं मला तूच हवा होतास."

गार्डबाईंनी घड्याळ बघितलं. "नियम काठीचा आहे," त्या म्हणाल्या. "काठी नाही हे मला कळायला हवं."

एलिएसेरनं नर ओठांना लावली. थंडी अंगात भरलेली. दोनदा नुसती हवा गेली. एनिल्सेनं जाळीच्या आतून मादीवर ती ओळ उचलली, जिनं बाप नेहमी सुरुवात करायचा. तिसऱ्या वेळी नर बोलली. खोल, जुनी, घरची. गार्डबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, त्याचा कमरेचा पट्टा मात्र काढून घेतला आणि गेट उघडलं.

तीन वीसला ला नेवेरा स्टेजवर गेला. येसिद मराकाचा खुळखुळा घेऊन उभा राहिला, एलिएसेर एका हातानं पँट सावरत. मादीनं ओळ सुरू केली, आणि जिथे नरनं यायचं तिथे ती आलीच नाही. आठ मात्रा नुसती मादी, एकटी, हजारो माणसांसमोर. एनिल्सेनं बाजूला बघितलं. भाऊ गाइता ओठांशी धरून रडत होता. तिनं ओळ पुन्हा उचलली, न थांबता, आणि त्याची वाट बघितली. नवव्या मात्रेला तो आला.

दुसऱ्या दिवशी त्याच वर्तमानपत्रानं लिहिलं की ला नेवेरानं सुरुवातीला नरला गप्प ठेवून फार धाडसी प्रयोग केला. एनिल्सेनं तेही कापून काचेवर चिकटवलं, आधीच्या यादीवरच. "हे पण खोटंच आहे की," आरेपा खाता खाता एलिएसेर म्हणाला. "असू दे," ती म्हणाली, "हे गावी पाठव."