गळून पडलेल्या गोचिड्या

माणसांत मला बोलता येत नाही. लग्न होऊन एरंडोलजवळच्या या गावात आले तेव्हापासून सासरे, जेठ म्हणजे थोरले दीर, पाव्हणे समोर असले की मी मानेनंच हो-नाही सांगते. शाळा चौथीपर्यंत झाली, म्हणून लिहिता येतं. बोलायचं राहून जातं ते कधीमधी लिहून काढते.

बोलायचे ती एका कुत्र्याशी. भांडी घासताना, कापूस निवडताना तो जवळ येऊन बसायचा आणि मी त्याला घरातलं सगळं सांगायचे. तो ऐकायचा, निदान उठून तरी जायचा नाही.

त्या पावसाळ्यात त्याच्या अंगावर गोचिड्या झाल्या. कानांत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली, रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढ्या टरारलेल्या. जावेच्या नातीच्या कानामागं एक चिकटलेली सापडली, तेव्हा सासूबाईंनी मला बोलावून सांगितलं, "कानबाई येस तवलोंग कुत्रा साफ कर. नही व्हयना त धाडी देसूत."

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते. त्याआधी भिंतींना चुना द्यायचा, ओटा सारवायचा, डबेसुद्धा घासून उपडे घालायचे. धुळ्या-शिंदखेड्याकडची सगळी भाऊबंदकी जमते. अशा दिवशी गोचिड्यांचा कुत्रा ओट्यावर नको, हे मलाही पटत होतं. म्हणून मी मन लावून गोचिड्यांच्या मागं लागले, नाहीतर कुत्र्याला घालवून देणार होते. आधी करंजाचं तेल चोळलं. तेलानं गोचीड गुदमरते म्हणतात. एकही गुदमरली नाही, कुत्रा तेवढा तेलकट अंगानं उकिरड्यात लोळून आला. जाऊबाईंनी तंबाखूचं पाणी सांगितलं. ते त्यानं चाटलं आणि दिवसभर ओकत राहिला. पावडर आणली तर अंग झटकलं की निम्मी उडायची, उरलेली भुरभुर पावसात धुऊन जायची. हातानं उपटून काढाव्यात तर सकाळी पुन्हा नव्या.

शेवटी नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून एरंडोलला जनावरांच्या औषधांच्या दुकानात गेले. दुकानदारानं बोटाएवढी नळी काढून दिली.

"मावशी, हे दोन खांद्यांच्या मधे टाकायचं. तिथं त्याची जीभ पोहोचत नाही. केस बाजूला करा, औषध कातडीवर पडलं पाहिजे, केसांवर नाही. दोन दिवस आंघोळ घालू नका. आणि घाबरू नका बरं, आधी गोचिड्या जास्त दिसतील. औषध लागलं की त्या वर येतात, गळतात, मग मरतात."

नवरा शेजारीच काउंटरला टेकून उभे होते. त्यांनीच विचारलं, "किती दिवस गळतात?"

"दोन-तीन दिवस, भाऊ."

शुक्रवारी मी सांगितल्याप्रमाणे औषध टाकलं. शनिवारी तो अस्वस्थ होता, सारखा जागा बदलत होता. रविवारी सकाळी मी त्याला गोठ्यात बांधून ठेवलं. पण पाव्हण्यांच्या पोरांनी खेळायला म्हणून सोडला, आणि तो नेहमीच्या सवयीनं ओट्यावर येऊन अंग झटकून गेला.

आतल्या खोलीत कानबाई मांडलेली, तिच्या नैवेद्याच्या रोटांचा वास सुटलेला. ओट्यावर सतरंजीवर पुरुष मंडळी बसलेली. शिंदखेड्याच्या पाव्हण्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर पहिली दिसली. मग सतरंजीवर, मग सारवलेल्या जमिनीवर. जाऊबाई ओरडल्या, "ओ माय! ह्या त पह्यलापेक्षा जास्ती हुयन्यात!"

सासूबाई बाहेर आल्या. "हाई तुनं औषध का?"

मी वाकून पाहिलं. गोचिड्या पाय आखडून पडल्या होत्या, एखाददुसरी वळवळत होती. आता बोललं नाही तर कुत्रा जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "त्या मरी ऱ्हायन्यात. औषध लागू पडनं. आते गळी जातीन."

पाव्हणे पायजमा झटकत म्हणाले, "मरी ऱ्हायन्यात, मंग मना पायवर चाली कश्या ऱ्हायन्यात, बाई?"

ओटाभर हशा पिकला. सासूबाई म्हणाल्या, "देखा बरं! इतला वरीसमा कोनासमोर तोंड उघडं नही, आन कुत्राकरता उघडं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. दुकानदाराचं बोलणं त्यांनी माझ्याइतकंच ऐकलं होतं. त्यांनी एक वाक्य म्हटलं असतं तर हसणारे गप्प झाले असते. माझं ऐकायचं नसतं, त्यांचं ऐकतात. जेठांनी त्यांना विचारलं, "काय करानं मंग?"

ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही म्हनशात तसं."

तासाभरात घरची पिकअप गाडी निघाली. कुत्र्याला दोरी त्यांनीच बांधली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हायवेना ढाबावर सोडसू. तठे खावाले भेटस." कुत्रा उडी मारून गाडीत चढला, कारण त्यांच्यासोबत तो मळ्यात जायचा. तेवढ्यात आतून हाक आली, रोटाला तूप कमी पडतंय. मी तूप घेऊन गेले.

सोमवारी कानबाई विसर्जनाला नदीवर गेली, पाव्हणे पांगले. मी ओटा झाडायला घेतला. चुन्याच्या भिंतीकडेला, उंबऱ्याशी, सतरंजीच्या घडीत गोचिड्याच गोचिड्या, सगळ्या वाळून खडखडीत झालेल्या. वळवळणारी एकही नव्हती. गोठ्यात त्याच्या गोणपाटावर तर मूठभर पडल्या होत्या. औषधानं आपलं काम पुरं केलं होतं. त्याच्या अंगावर आता एकही उरली नसेल, आणि तो कुठल्यातरी ढाब्यामागं ट्रकच्या चाकांमधून भाकरी शोधत असेल.

सासूबाई माळ ओढत बाजेवर बसल्या होत्या. स्वच्छ ओट्याकडे बघून म्हणाल्या, "देखं का? कुत्रा गया आन घर कसं साफ हुयनं."

नवरा चहा पीत होते. त्यांनी मान डोलावली.

मी सुपलीतलं सगळं चुलीत टाकलं. थोडा वेळ तडतडलं. मग मी दुधाचं पातेलं चढवलं. त्या दिवसानंतर त्या घरात मी मानेनंही हो म्हटलेलं नाही. अजून कोणाच्या ध्यानात आलेलं नाही.