मुक्या फिल्ममधला पदर

परवा आमच्या जुन्या बिडी कारखान्याच्या मालकाचा नातू घरी आला आणि त्यानं मोबाइलवर एक मुकी फिल्म लावली. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत त्याच्या आजोबांनी हौसेनं टिपलेलं गोंदिया. राइस मिलची धुराडी, स्टेशन, आणि मग एकदम कारखान्याची पडवी. मोबाइलला कुठला आलाय वास, पण ओली तेंदूपानं माझ्या नाकात शिरली.

मांडीवर सूप घेऊन बसलेली ती माझी आई. शेजारी मी, पाचेक वर्षांची. मालक म्हणाले होते, "बाई, जरा इधर देखना." पण त्यांच्यामागे मुनीम उभा होता, गावनात्यानं आईचा सासरा. तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला. "माहा फोटो कायले काढून राहिले जी?" ती आतूनच पुटपुटली. हात मात्र बिडी वळतच राहिले.

पुढच्या वर्षी ती गेली. तिचा एकही फोटो नाही.

फिल्ममध्ये मी वाकून त्या पदराखाली डोकावते आणि खदखदून हसते. तेवढंच मी पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. त्या पोरीला आईचा चेहरा दिसतोय. मला तो आठवत नाही.