तुरपाईआधी मशीन

आमच्या समोरच्या शिवणताईंनी वीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला. हाताने तुरपाई जमेपर्यंत त्या कुणाला मशीनला बोटही लावू देत नसत. माझे तीन महिने त्या तुरपाईतच गेले.

तयार कपड्यांपुढे क्लास बसला, तेव्हा पंचेचाळिशीत बाईंनी नोकरीसाठी प्रोग्रामिंग शिकायला घेतलं. आणि तिथे स्वतः तयार मालावरच भाळल्या! दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार प्रोग्रामांचा संच, म्हणजे लायब्ररी, आपल्या प्रोग्रामला जोडायची, की झालं काम. नोकरीच्या परीक्षेत मात्र लायब्ररी वापरायला बंदी होती. वीस आकड्यांतला सगळ्यात मोठा शोधायचा होता. बाई तासभर नुसत्या पडद्याकडे बघत बसल्या. परीक्षा घेणाऱ्या साहेबांना दया आली, त्यांनी आठवड्याने पुन्हा बोलावलं.

"तुरपाईआधीच मशीनवर बसलात वाटतं?" मी दारातूनच विचारलं. अशी संधी कोण सोडतं?

"मीठ चोळायला आलीस होय गं? आलीसच आहेस, तर या डब्यातलं सगळ्यात मोठं बटण काढ. कोटाला लावायचंय."

मी एक बटण हातात धरलं. त्याहून मोठं दिसलं की हातातलं टाकून ते धरलं. डबा संपला, तेव्हा हातात उरलं तेच सगळ्यात मोठं.

ताई बघतच राहिल्या. "अगं, हेच तर लिहायचं होतं!"

मग आठवडाभर त्या लायब्ररीच्या वाटेला गेल्या नाहीत. नोकरी मिळाली.

"ताई, मलाही शिकवा की," मी म्हटलं.

त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. "लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लाव. कॉम्प्युटरचं तीन महिन्यांनी बघू."