उजव्या डोळ्यातली ठिणगी

सत्तरच्या दशकात सोलापुरात निम्मे कामगार सायकलवर बिडी ओढतच कामाला जायचे. पण चालत्या सायकलवर बिडी पेटवणारे थोडे. हँडल सोडायचं, दोन्ही तळव्यांच्या आडोशाला काडी ओढायची आणि पाय थांबू द्यायचे नाहीत. मला जमायचं. शाळेत मी दुसरीच्या पुढं गेलो नाही, पण हे जमायचं आणि चादरीचा माग जमायचा. डावा डोळा लहानपणी देवी येऊन अधू झालेला. उजव्याच्या जोरावर मी मागावरची तुटलेली सुताची तार लांबून ओळखायचो. त्या डोळ्यावर घर चालत होतं.

बायको घरी बिड्या वळायची. तपासणीत ढिल्या म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या ती माझ्यासाठी परत आणायची. ढिली बिडी बसून ओढली तर काही होत नाही, पण वाऱ्यात तिचं तोंड झडतं.

“अवो, उतरून ओढा की. बिडी काय पळून जातीया?”

“तू वळायचं बघ. ओढायचं मला शिकवू नको.”

उन्हाळ्यातली दुपारपाळी होती. अक्कलकोट रस्त्याला वारा समोरनं येत होता. मी जोर लावून पाय मारत एक झुरका घेतला, तसा निखारा सुटला आणि थेट उजव्या डोळ्यात. सायकल टांग्याच्या चाकाला घासली आणि मी रस्त्यावर. टांगेवाला वाकून बघत म्हणाला, “क्या मामू, आँख से बीडी पी रै क्या?” लोक हसले. मग मीही हसलो, आणि तसाच कामावर गेलो.

घरी बायकोनं दवाखान्याचं काढलं. ठिणगीसाठी कोण दवाखान्यात जातो? आमच्याकडं डोळा दुखला की बाळंतिणीचं दूध घालतात. शेजारच्या बाळंतिणीनं वाटीत काढून दिलं, ते मी रोज घालत गेलो. डोळा लालच राहिला, मग चिकटायला लागला. शेवटी बायकोनं हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, “बुबुळावर फूल पडलंय, नजर गेली. आधी यायचं होतं.” आधी काय करायचं होतं ते नंतर सगळ्यांनाच कळतं.

कारखान्यात मी हे कुणाला सांगितलं नाही. आवाजावरनं माग चालवत राहिलो. एक दिवस मालकानं माझी चादर उजेडात धरली.

“मामा, काय दिसतंय?”

“चादर.”

“चादर मलाबी दिसतीया. तार कुटं तुटलीया?”

मी बोट फिरवलं. बोटाला फट लागली. ती फट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. मालक ओरडला असता तर मी भांडलो असतो. तो हळूच म्हणाला, “उद्यापासनं कांड्या भरा.”

कांड्या भरायच्या म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं. आमच्याकडं ते बायकांचं काम. काम सोडतो म्हणून रात्रभर घरात बडबडलो. सकाळी गेलो. दुसरा कोण मला माग देणार होता?

बायकांनी सरकून जागा केली. “बसा दादा.” थोड्या वेळानं माझं सूत तुटलं. शेजारच्या बाईनं जोडायला हात पुढं केला.

“ऱ्हाऊ दे. मी जोडतो.”

तिनं हात मागं घेतला. मी टोक शोधत राहिलो. त्या बायकांच्या कांड्या भरून निघत होत्या, माझी रिकामीच फिरत होती.